बिनदाताची किल्ली

गाडी घेतली तेव्हा शोरूमचा पोरगा म्हणाला, दोन आहेत.
एक खिशात, दुसरी जपून.
जपून म्हणजे कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.
आमच्याकडे जपून म्हणजे धानाच्या ढोल्यात.
वैजूनं रुमालात बांधून वर ठेवली,
डिसेंबरात नवं धान आलं
ते तिच्यावरच ओतलं.

फेब्रुवारीत, सिंदेवाहीच्या पुढं, एका बोडीत
रुतलेली म्हैस काढताना
माझ्या सदऱ्याच्या खिशातून पहिली गेली.
म्हैस वर आली.
किल्ली नाही आली.
गाळ आवाज न करता घेतो.

काचेतून दिसत होती लसींची पेटी.
वैजूला फोन लावला.
ढोल्यात आहे, ती म्हणाली.
मग थांबून : पण खाली आहे.
किती खाली?
मागच्या वर्षाएवढी.

तिनं आणि मैनाबाई नन्नावरेनं
पायलीनं धान उपसलं, अंगणभर,
कोंबड्या हाकलत.
एकशे बारा पायल्या. मैनाबाईनं मोजल्या,
न मोजता धान उपसणं तिच्या हाताला ठाऊक नाही.
रुमाल सोडून तिनं ती उलटीपालटी करून पाहिली :
"इले दात कुठं हायेत?"
पाचच्या एसटीच्या कंडक्टरनं ती माझ्या हातावर ठेवली,
बटणाच्या फटीत तूस अडकलेलं.

मग नागपूरला जोडीची करवली.
चौदा हजार, तीन आठवडे,
आणि प्रश्न पुन्हा तोच : कुठं?

खुंटीवर टांगली.
भिंतीपलीकडेच गाडी; शाळेतून येणाऱ्या पोरानं
दांड्याला सहज हात लावला
आणि दार उघडलं. पोरगं घाबरून पळालं.
स्टीलच्या डब्यात ठेवली.
डब्यातलं गाडीला ऐकू येत नाही, इथवर बरं,
पण आमचे डबे घरी कुठं थांबतात,
साखर घेऊन जातात, वडे घेऊन येतात.
गाडीतच ठेवली एकदा,
तर ती कुलूपच लावून घेईना, पी पी करत राहिली,
आत पाहुणा बसलाय आणि तुम्ही घर बंद करताय, अशी.
लेक भंडाऱ्याला. तिच्याकडे सुरक्षित,
आणि नव्वद किलोमीटर.

शेवटी मैनाबाईला दिली. चार घरं सोडून.
तिनं चंचीत टाकली,
सुपारी, चुन्याची डबी,
निराधारच्या पैशांची घडी घातलेली पावती, आणि ही.
तिला गाडी चालवता येत नाही.
बसलीही नाही कधी. तिला गाडी लागते.

तेव्हापासून ती बोअरवेलवर जायला निघाली
की आमच्या दाराशी
गाडीचे दोन्ही आरसे हळूच उघडतात,
गोठ्यात ओळखीचं पाऊल वाजल्यावर
म्हशीचे कान वळावेत तसे.
वैजूनं पाहिलं आधी, मग मला दाखवलं.
मैनाबाई न थांबता म्हणते,
"हट. वैरण नाई माह्याकडं."

काल पहाटे फोन आला, गाय अडलीय.
माझ्या किल्लीतला सेल गेलेला.
दाबली. पुसून दाबली. गाडीला चिकटवून दाबली.
गेली चार वर्षं हप्ते भरतोय मी,
काच माझ्याकडं बघून काळी राहिली.
किल्लीच्या पोटात एक लोखंडी पट्टी असते म्हणतात,
ती कशी काढायची ते पुस्तकात आहे.
पुस्तक गाडीत.

तेवढ्यात वळणावर मैनाबाई,
कमरेवर कळशी, भरलेली.
आरसे उघडले.

ती थांबली. गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"काऊन जी डॉक्टर,
तुमाले नाई ओळखत का?"

मी काही बोललो नाही.
तिनं कळशी खाली ठेवली, पाणी थोडं हिंदकळलं,
आणि चंचीची दोरी सोडायला घेतली.